रूट कॅनॉल झाले. दात वाचला का?

या वेळी दातांविषयी आलेल्या पत्रांमध्ये रूट कॅनॉलची, म्हणजे बिघडलेली नस काढून दाताच्या मुळांतील नळ्या साफ करून भरण्याच्या उपचाराची, पत्रे इतकी आहेत की संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. पत्रावरून निदान होत नसते. आपल्या दंतवैद्यांशी बोलताना ही माहिती उपयोगी पडावी, एवढाच उद्देश आहे.

प्रश्न : माझ्या खालच्या डाव्या दाढेला महिनाभर ठणका लागतो आहे. आधी गार पाण्याने सणक यायची. आता चहाचा घोट घेतला तरी दुखते आणि रात्री आडवे झाल्यावर झोप लागत नाही. डॉक्टरांनी रूट कॅनॉल सांगितले आहे. परंतु माझ्या जाऊबाईंना त्या वेळी फार त्रास झाला होता, म्हणून मी चालढकल करते आहे. नेमके काय करतात, किती वेळा जावे लागते आणि दुखते का? — एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : आपण लक्षणांचा जो क्रम लिहिला आहे, तोच निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कीड दाताच्या वरच्या कठीण आवरणातून आतल्या थरात उतरते, तेव्हा गार किंवा गोड लागल्यावर क्षणभर सणक येते आणि लगेच थांबते. त्या टप्प्यावर बहुधा कीड काढून सिमेंट भरले की भागते. परंतु गरम लागल्यावर दुखणे, सुरू झालेले दुखणे बराच वेळ टिकणे आणि काहीही न खाता-पिता रात्री ठणका लागणे, ही दाताच्या गाभ्यातील नस पुन्हा सुधारू न शकण्याइतकी बिघडल्याची लक्षणे आहेत. हा गाभा सर्व बाजूंनी कठीण भिंतींत बंदिस्त असतो. शरीरात इतरत्र सूज आली तर त्या भागाला फुगायला जागा मिळते, येथे ती मिळत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आडवे झाल्यावर तो अधिकच जाणवतो. एखाद्या दिवशी ठणका आपोआप थांबला तर त्यात समाधान मानू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ नस मेली एवढाच असतो, आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकू लागलेला असतो.

उपचारात प्रथम एक्स-रे काढून मुळांची लांबी, वळण आणि टोकापाशी हाड झिजले आहे का, हे पाहतात. मग भुलीचे इंजेक्शन देऊन दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. त्याला रबर डॅम म्हणतात आणि 1864 पासून तो दंतवैद्यकात वापरात आहे. लाळेतील जंतू दातात जाऊ नयेत, तसेच आतले औषध किंवा बारीक हत्यार घशात उतरू नये, यासाठी तो असतो. तो लावणार का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि मी तर तो प्रश्न विचारावाच असे म्हणेन. नंतर दाढेला वरून छिद्र पाडून मुळांतील नळ्या शोधतात. पुढच्या दातात बहुधा एकच नळी असते, खालच्या दाढेत तीन किंवा चार, आणि वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी इतकी अरुंद असते की ती सहज निसटते. ओठाला एक लहान आकडी अडकवतात आणि पिप्-पिप् असा आवाज ऐकू येतो, तो नळीची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा. पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या मुठींच्या सुयांसारख्या फाइली एकामागून एक आत फिरवल्या जातात. हे रंग फाइलीची जाडी दाखवतात. मध्येच तरणतलावाच्या पाण्यासारखा वास येतो, तो सोडियम हायपोक्लोराइटचा. नळ्यांचे जे फाटे फाइलीच्या आवाक्यात येत नाहीत, ते या द्रावणाने धुऊन काढले जातात, आणि खरे निर्जंतुकीकरण येथेच होते. शेवटी नळ्या गटापर्चाने भरतात. हा मलाया भागातील झाडांचा चीक आहे आणि एकेकाळी समुद्राखालच्या तारांच्या केबलवर तोच चढवला जात असे.

आता दुखण्याविषयी. जाऊबाईंसारखे अनुभव पुष्कळांच्या घरी ऐकायला मिळतात, आणि त्यांमागे बहुधा एकच कारण असते. दाढ फार दुखून सुजेपर्यंत थांबले, तर सुजलेल्या भागात भुलीचे औषध नीट काम करीत नाही, विशेषतः खालच्या दाढांमध्ये. अशा वेळी दाढेच्या शेजारी किंवा क्वचित थेट नसेत आणखी थोडी भूल द्यावी लागते, आणि ती दिल्यावर काम वेदनेशिवाय होते. ‘मला अजून जाणवते आहे’ हे हात वर करून सांगावे, सोसत बसू नये. इंजेक्शननंतर थोडी धडधड वाटली तर घाबरू नये. भुलीच्या औषधातील अॅड्रेनलिनमुळे ती होते आणि काही मिनिटांत थांबते. खालचा ओठ मात्र दोन ते चार तास बधिर राहतो. तोवर जेवू नये, कारण ओठ किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही.

किती वेळा जावे लागेल, हे दाढेच्या स्थितीवर ठरते. पू नसेल आणि नळ्या सरळ असतील, तर एकाच बैठकीत काम पूर्ण करता येते. पू वाहत असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. एका बैठकीत केले म्हणजे घाईत केले, असे समजण्याचे कारण नाही. मात्र ही चालढकल आता थांबवावी, कारण महिनाभराचा ठणका हा लहान काळ नव्हे.

प्रश्न : परवा माझ्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. आधीचा ठणका गेला, पण घास चावताना दुखते. डॉक्टरांनी फक्त वेदनाशामक गोळ्या दिल्या, अँटिबायोटिक दिलेच नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पाच दिवसांचा कोर्स घ्या असे सुचवले आहे. घेऊ का? — एक संगणक अभियंता, सिंहगड रस्ता

उत्तर : घेऊ नका. नस बिघडल्यामुळे होणारे दुखणे आणि रूट कॅनॉलनंतर चावताना होणारे दुखणे, या दोन्हींत अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. पहिल्यात जंतुसंसर्ग ज्या गाभ्यात असतो, तेथील रक्तपुरवठाच बंद पडत असल्याने औषध तेथे पोहोचत नाही. दुसऱ्यात दुखणे जंतूंचे नसून मुळाच्या टोकाभोवतीच्या उतींना काम करताना बसलेल्या त्रासाचे असते. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत असा त्या रेघेचा अर्थ आहे. आपल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिले नाही, हे मला त्यांच्या काळजीपूर्वक कामाचेच लक्षण वाटते.

दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि नंतर उतरत जाते. चावतानाचा हुळहुळेपणा आठवडाभर, क्वचित त्याहून अधिक राहतो. एखाद्या दिवशी किती दुखले यापेक्षा दुखणे उतरणीला लागले आहे की चढणीला, हे पाहावे. वेदनाशामक गोळी दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता पहिले एक-दोन दिवस लिहून दिल्याप्रमाणे वेळेवर घेतली, तर अधिक उपयोगी पडते. मात्र आयबुप्रोफेनसारखी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळ्यांनी दमा वाढत असल्यास ती घेऊच नये. बाजारातील पुष्कळ गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. अंग कणकणले म्हणून वर आणखी पॅरासिटामॉल घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते, म्हणून पाकिटावरील घटक वाचून पाहावेत.

दाढ बंद करण्यासाठी आत्ता वर तात्पुरते सिमेंट भरलेले असेल. त्यावर मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी चालेल. चिक्की, कडक बाकरवडी आणि चिकट मिठाई त्या बाजूने चावू नये. तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते असे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन तिची उंची थोडी घासून घ्यावी. दोन मिनिटांचे हे काम कित्येकदा गोळ्यांपेक्षा अधिक आराम देते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी किंवा लवंगेचे तेल ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ॲस्पिरिनने हिरडी भाजते आणि तेलही हिरडीला झोंबते, म्हणून दोन्ही टाळावीत.

गालावर किंवा जबड्याखाली वाढत जाणारी सूज, ताप, तोंड पूर्ण न उघडणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दंतवैद्यांना दाखवावे, कारण तेथे अँटिबायोटिकची आणि पू काढून टाकण्याची खरोखर गरज असते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना घट्ट सूज आली, तर दंतवैद्यांच्या वेळेची वाट न पाहता ससून किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. असे क्वचितच घडते, पण घडले तर तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : वय 71. मला मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. वरच्या दाताचे रूट कॅनॉल करायचे आहे. रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी का? शिवाय आमच्या पेठेत अजूनही सांगतात की वरच्या दातांच्या नसा डोळ्यांना जोडलेल्या असतात. — एक सेवानिवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : गुरुजी, गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. रूट कॅनॉल दाताच्या आतून होते, त्यात रक्तस्राव नगण्य असतो. उलट या गोळ्या अचानक थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका फार मोठा असतो. दात काढण्यापेक्षा रूट कॅनॉल आपल्यासारख्या रुग्णांना अधिक सोयीचे पडते, ते याच कारणाने. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेच्या) तपासणीचा ताजा अहवाल सोबत न्यावा. स्टेंट असलेल्यांना केवळ स्टेंटमुळे उपचारापूर्वी अँटिबायोटिक घ्यावे लागत नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग झालेल्यांना ते घ्यावे लागते. औषधांची पूर्ण यादी कागदावर लिहून नेणे उत्तम.

मधुमेहासाठी उपवास करून जाऊ नये. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊन सकाळची वेळ मागावी. साखर आटोक्यात नसेल तर मुळाच्या टोकाचे हाड भरून यायला जास्त काळ लागतो, म्हणून एचबीए1सीचा (मागील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) अलीकडचा अहवालही दाखवावा. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी इंजेक्शने घेणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड नीट न भरण्याचा धोका असतो. अशांनी शक्य असेल तेथे दात काढण्यापेक्षा रूट कॅनॉलच करून घ्यावे.

डोळ्यांविषयी : वरच्या दातांची संवेदना मेंदूपासून निघणाऱ्या पाचव्या चेतातंतूच्या शाखेतून जाते आणि दृष्टी दुसऱ्या चेतातंतूतून. दोघांचा मार्ग वेगळा आहे. वरच्या दाताचा संसर्ग फार पसरला तर डोळ्याखाली सूज येते, त्यातून ही समजूत रुजली असावी. पण ती सूज उपचार न केल्याने येते.

प्रश्न : माझे पहिल्या तीन महिन्यांतले दिवस संपून पाचवा महिना लागला आहे. रूट कॅनॉल आत्ता करावे की बाळंतपणानंतर? — एक वाचक, वारजे

उत्तर : आत्ताच करावे, चौथा ते सहावा महिना यासाठी सर्वांत सोयीचा असतो. शिशाचा ॲप्रन आणि गळपट्टा घालून काढलेला दाताचा एक्स-रे आणि नेहमीची भूल, दोन्ही सुरक्षित आहेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन घेऊ नये. आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवून जावे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी दाढेचे रूट कॅनॉल केले. डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितले होते, पण दुखत नव्हते आणि खर्चही होता, म्हणून राहून गेले. गेल्या आठवड्यात भाकरी खाताना दाढेचा आतल्या बाजूचा तुकडा पडला. दुखत अजिबात नाही. आता काय? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : या विषयावर आलेल्या पत्रांतले हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण रूट कॅनॉल केलेल्या दाढा गमावण्याचे अगदी नेहमीचे कारण आपल्या हातात असते आणि तेच येथे घडले आहे. नस काढलेली असल्याने दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाढ ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात ‘दुखत नाही’ याचा अर्थ येथे एवढाच की सूचना देणारी यंत्रणा काढून टाकलेली आहे.

नस काढल्यावर दात वाळून ठिसूळ होतो, असे सर्रास सांगितले जाते. तो परिणाम फार थोडा असतो. दाढ कमकुवत होते ती मुख्यतः कीड आणि नसेपर्यंत पोहोचण्यासाठी पाडलेले छिद्र यांमुळे तिचा बराचसा भाग गेलेला असतो म्हणून. उरलेले कंगोरे चावताना एकमेकांपासून फाकतात आणि एखाद्या दिवशी साध्या भाकरीनेही तुटतात. आयोवा विद्यापीठातील संशोधकांच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रूट कॅनॉल केलेल्या ज्या दातांना कॅप बसवली नव्हती ते कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट प्रमाणात गमावले गेल्याचे आढळले होते. शिवाय वरचे सिमेंट झिजले किंवा फुटले की लाळ आणि जंतू पुन्हा नळ्यांत उतरतात, आणि निगुतीने केलेले रूट कॅनॉल वरून वाया जाते. म्हणूनच दाढेचे काम कॅप बसेपर्यंत अर्धेच झाले आहे असे समजावे आणि शक्यतो महिन्याभरात ते पुरे करावे. पुढच्या दातांना मात्र, फारसा भाग गेलेला नसेल तर, चांगले पक्के सिमेंट पुरते.

आपल्या बाबतीत पुढचा निर्णय तुकडा कोठे तुटला यावर आहे. हिरडीच्या वर तुटला असेल, तर आत आधार देऊन दाढ पुन्हा बांधता येते आणि कॅप बसते; फट मुळापर्यंत गेली असेल तर दाढ काढावी लागते. दीड वर्ष उघडी राहिलेली दाढ असल्याने नळ्या पुन्हा साफ कराव्या लागण्याची शक्यताही आहे. तोवर त्या बाजूने काहीही चावू नका आणि आठवड्याच्या आत दाखवा.

खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. धातूची कॅप दिसायला चांगली नसली तरी मागच्या दाढेसाठी टिकाऊ असते, आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली आणि झिर्कोनियाची कॅप महाग पडते. मागच्या दाढेसाठी पैसे रंगावर खर्च करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील, धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातील रंगूनवाला अशी दंत महाविद्यालये आपल्या पुणे परिसरात आहेत. अशा शिक्षणसंस्थांत खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी खर्च येतो, फक्त विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करीत असल्याने खेपा आणि वेळ जास्त लागतो. नव्याने रूट कॅनॉल करणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच ‘कॅपसह एकूण किती?’ असे विचारावे. रूट कॅनॉलचा आकडा ऐकून हो म्हणायचे आणि कॅपच्या आकड्याला घरी बसायचे, यात पैसे वाचत नाहीत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेला रूट कॅनॉल सांगितले आहे. पडणाऱ्या दाताला एवढा खर्च कशाला? — एक आई, हडपसर

उत्तर : आधी ती दाढ दुधाचीच आहे याची खात्री करून घ्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. त्या जागचा दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून पालक तिलाच दुधाची समजतात. दाढ खरोखर दुधाची असली तरी ती नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते, म्हणजे आपल्या मुलाला ती अजून दोन ते पाच वर्षे हवी आहे. ती लवकर काढल्यास शेजारचे दात सरकून खालून येणाऱ्या दाताची जागा अडवतात. दुधाच्या दातात गटापर्चा भरीत नाहीत. मुळांबरोबर आपोआप विरघळणारे औषध भरतात आणि वर स्टीलची तयार टोपी बसवतात. नस थोडीच बिघडली असेल तर तिचा फक्त वरचा भाग काढूनही भागते. दाढ काढणेच भाग पडले, तर जागा राखणारी तार बसवून घ्यावी.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी रूट कॅनॉल करून कॅप बसवलेल्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. दुखत नाही. एका ठिकाणी थेट दाढ काढून इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) करा असे सांगितले. — एक वाचक, औंध

उत्तर : ही पुटकुळी म्हणजे मुळाच्या टोकापाशी साचलेल्या पुवाला मिळालेली वाट आहे. पू बाहेर पडत राहतो म्हणून दाब वाढत नाही आणि म्हणून दुखत नाही. तिला सुई टोचणे किंवा मलम लावणे व्यर्थ आहे.

रूट कॅनॉल केलेले बहुसंख्य दात वर्षानुवर्षे टिकतात. जे पुन्हा बिघडतात त्यांत एखादी नळी राहून गेलेली असते, भरण टोकापर्यंत पोहोचलेले नसते, कॅपच्या कडेने पुन्हा कीड लागलेली असते किंवा मूळ उभे चिरलेले असते. पहिल्या तीन कारणांवर उपाय आहे : कॅपमधून किंवा ती काढून नळ्या पुन्हा साफ करणे, अथवा हिरडी उघडून मुळाचे बाधित टोक कापणे. मूळ उभे चिरले असेल तर दाढ काढण्याखेरीज मार्ग नसतो. म्हणून इम्प्लांटचा निर्णय घेण्यापूर्वी रूट कॅनॉलमध्ये एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) केलेल्या तज्ज्ञांचे मत घ्यावे आणि त्यांना आवश्यक वाटल्यास त्रिमिती स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, करून घ्यावा. साध्या एक्स-रेमध्ये राहून गेलेली नळी किंवा बारीक चीर कित्येकदा दिसत नाही. सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे घरात कोठे सापडला तर तोही सोबत न्यावा, कारण टोकाभोवतीचा काळा डाग, म्हणजे हाड झिजल्याची खूण, तेव्हापासूनच आहे की नंतर आला, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही.